बीटीचं जनुक मेळघाटात शिरेल का?

परतवाड्याहून सेमाडोहकडे निघालात तर वाटेत एक जागा नीट बघा. नकाशात ती सापडणार नाही, तिला नावही नाही. शेवटचं वावर जिथे संपतं आणि जंगल सुरू होतं, ती ही जागा. धुऱ्याच्या अलीकडे कपाशीच्या सरळ ओळी, मध्येच तुरीचं एखादं तास. पलीकडे कुणीही न पेरलेलं रान: साग, मोह, पळस, तरोटा, रिंगणी. आपल्याला धुरा दिसतो. मधमाशीला त्याचं काहीच नसतं. ती अलीकडच्या फुलात लोळते, अंगाला पिवळी पूड माखून घेते आणि पलीकडे उडून जाते.

आता प्रश्न ऐका. अलीकडच्या कपाशीत एक जनुक असं आहे, जे कपाशीचं मुळी नाहीच. ते मातीतल्या एका जिवाणूचं आहे. माणसाने ते प्रयोगशाळेत उचलून कपाशीत बसवलं. मधमाशीच्या अंगावरच्या त्या पुडीतून हे जनुक जंगलातल्या एखाद्या झाडात जाऊन बसेल का? आणि बसेल की नाही, हे आपल्याला आधीच सांगता येईल का?

सांगता येतं. त्यासाठी ज्योतिष लागत नाही. चांगले प्रश्न, थोडा गुणाकार आणि धुऱ्यावर बसून फुलं बघण्याची चिकाटी एवढंच लागतं. पिकातून रानात असं जनुक जाण्याला शास्त्रज्ञ ‘जनुकप्रवाह’ म्हणतात.

आधी त्या जिवाणूची ओळख करून घेऊ. त्याचं नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून सगळे त्याला बीटी म्हणतात. जर्मनीच्या थुरिंगिया भागात एर्न्स्ट बर्लिनर या शास्त्रज्ञाला १९११ मध्ये तो मेलेल्या अळ्यांमध्ये सापडला. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो. बोंडअळीने ते खाल्लं की तिच्या पोटात ते विरघळतं आणि आतड्याला भोकं पडतात. अळीचं पोट साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी असतं, म्हणून हे घडतं. आपलं पोट आम्लधर्मी असल्यामुळे आपल्याला तसं होत नाही. हे प्रथिन बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते ते कपाशीत घातलं, आणि झाली बीटी कपाशी. भारतात तिला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या दहाएक वर्षांत देशातली सुमारे नव्वद टक्के कपाशी बीटी झाली. आज अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत तुम्ही जी पऱ्हाटी बघता ती बहुतेक सगळी हीच. पुढे गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला पुरून उरली आणि २०१७ मध्ये विदर्भातल्या शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं. पण ती गोष्ट अळीची. आपल्याला जनुकाच्या मागावर जायचं आहे.

परतवाड्याला लागूनच अचलपूर आहे. त्या जुन्या शहराला परकोट होता आणि त्याला दरवाजे होते. दुल्हा दरवाजा तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. समजा, एका माणसाला अशा शहरात शिरून थेट राजवाड्यापर्यंत जायचं आहे आणि वाटेत एकामागून एक सहा दरवाजे आहेत. पाच उघडे आणि सहावा बंद असेल तर तो पोचणार नाही. पहिलाच बंद असेल तर बाकीचे पाच उघडे असून उपयोग काय? जनुकाचंही तसंच आहे. त्याला रानात कायमचं घर करायचं तर सहा दरवाजे ओलांडावे लागतात. म्हणून अंदाज बांधणारा शास्त्रज्ञ एकेका दरवाजापाशी थांबतो आणि हा किती उघडा आहे ते मोजतो.

पहिला दरवाजा नात्याचा. आसपास नातेवाईक आहे का? कपाशीचा पराग पळसाच्या फुलावर पडला तर काहीच होत नाही. भेंडी, अंबाडी, जास्वंद ही कपाशीच्याच कुळातली झाडं. अंबाडीचं फूल आणि कपाशीचं फूल शेजारी ठेवून बघा, बहिणीच वाटतील. पण ही नाती इतकी लांबची आहेत की त्यांच्यात संकर होत नाही. मेळघाटातली काटेसावरही याच कुळातली. तिच्या बोंडातूनही पांढरी म्हातारी उडते, तरी कपाशीचा पराग तिच्या कामाचा नाही. मग जवळचा नातेवाईक कोण? आपली गावरानी कपाशी, आणि देवळाच्या आवारात किंवा एखाद्या आजीच्या परसात वर्षानुवर्षं उभा असलेला देवकापूस, ज्याच्या वाती वळतात तो. भारतात खरा रानटी म्हणावा असा कापूस गुजरातेत कच्छ-सौराष्ट्राकडे आढळतो. गॉसिपियम स्टॉक्सी हे त्याचं नाव. मेळघाटात तो नाही.

दुसरा दरवाजा वेळेचा. दोघं एकाच वेळी फुलतात का? आपली कपाशी जूनच्या पावसावर पेरली जाते आणि साधारण ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत फुलते. एकेक फूल मात्र एका दिवसाचंच. सकाळी उमलतं तेव्हा ते दुधाळ असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. गुलाबी फुलापाशी मधमाशी आली तर तिला उशीर झालेला असतो. परागाचं काम पहिल्याच दिवशी उरकतं. गावरानी कपाशीचं फूल पिवळं असतं आणि त्याच्या तळाशी गर्द लाल ठिपका असतो. एवढ्या एका खुणेवरून तुम्ही धुऱ्यावरूनच सांगू शकता, हे वावर बीटीचं की गावरानीचं.

तिसरा दरवाजा अंतराचा. कपाशीचा परागकण मोठा, जड आणि चिकट असतो, त्याच्या अंगावर काटेही असतात. वाऱ्याला तो उचलत नाही, किडा लागतो. मग किडा त्याला किती लांब नेतो? हे मोजायची युक्ती मला फार आवडते. शेताच्या मधोमध बीटी कपाशी लावायची आणि भोवती साध्या कपाशीची कडी. मग एक मीटरवरची, पाच मीटरवरची, पंधरा मीटरवरची बोंडं वेगवेगळी वेचायची, त्यातली सरकी पेरायची आणि प्रत्येक रोपाचं पान तपासायचं. पान कुटून त्याच्या रसात एक पट्टी बुडवली की बीटी आहे का ते पट्टीवरची रेघ सांगते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने असे तपासणी-संच तयार केले आहेत. परवानगीच्या आधी भारतात झालेल्या चाचण्यांत दिसलं की संकर मुख्यतः दोन मीटरच्या आतच होतो, आणि पंधरा मीटरपर्यंत जेमतेम दोन टक्के पराग पोचतो. म्हणून तर २००२ च्या परवानगीत अट होती, की बीटीच्या प्रत्येक वावराभोवती साध्या कपाशीच्या किमान पाच ओळी किंवा एकूण लागवडीच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढं लावा. हा पट्टा मुख्यतः बोंडअळीसाठी होता. तिला साधं झाड खायला मिळत राहिलं की ती लवकर निगरगट्ट होत नाही. पण बाहेर जाणारा परागही त्याच ओळींत अडकतो.

सगळ्याच पिकांचा पराग असा घरकोंबडा नसतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात गोल्फच्या मैदानासाठी तणनाशक सहन करणारं गवत तयार केलं होतं. गवताचा पराग हलका, वाऱ्यावर तरंगणारा. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा त्या गवताचं जनुक २१ किलोमीटर दूर ठेवलेल्या रोपांच्या बियांत सापडलं. परतवाड्याहून निघालेला पराग थेट घाटात पोचावा, तसंच हे! म्हणून प्रत्येक पिकासाठी हा दरवाजा नव्याने मोजावा लागतो.

आणि पराग थांबला तरी बी थांबत नाही. सरकी किती फिरते बघा. वावरातून बैलगाडीत, तिथून जिनिंगमध्ये, जिनिंगमधून ट्रकने तेलाच्या घाणीत किंवा गुरांच्या गव्हाणीत. एकेकाळी अचलपूर-मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे याच कापसासाठी धावायची. रस्त्याच्या कडेला सांडलेल्या सरकीतून पावसात पऱ्हाटी उगवलेली तुम्ही पाहिली असेल. त्या झाडाला कुणी पेरलेलं नाही, कुणी राखत नाही, आणि त्याला फुलं येतात. जपानमध्ये काशिमा बंदराजवळ अशीच जनुकीय बदल केलेली मोहरीच्या जातीची झाडं रस्त्याकडेला उगवलेली सापडली. जपानात ते पीक पेरलं जात नव्हतं, जहाजातून आलेलं बी फक्त सांडलं होतं. पराग मीटरमध्ये मोजायचा आणि बी किलोमीटरमध्ये, असं मी म्हणेन.

आता चौथा आणि पाचवा दरवाजा. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण कपाशीच्या गोष्टीतली खरी गंमत इथे आहे.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. जनुकं त्यांच्यावरच ओवलेली असतात. गावरानी कपाशीत गुणसूत्रं २६. अमेरिकन कपाशीत ५२, आणि बीटी कपाशी ही अमेरिकन कपाशीच. पराग आणि बीजांड बनताना ही संख्या निम्मी होते. म्हणजे अमेरिकनच्या परागात २६ आणि गावरानीच्या बीजांडात १३. मधमाशीने हा पराग त्या फुलावर नेला तर? बहुतेक वेळा बोंडच धरत नाही, गळून पडतं. चौथा दरवाजा असा जवळजवळ लागलेला. कधी चुकून बी धरलं, उगवलं, तर त्या रोपात गुणसूत्रं किती? २६ अधिक १३, म्हणजे ३९. हे रोप वाढेल, फुलेलही. पण त्याला स्वतःचा पराग बनवायचा असतो तेव्हा अडचण येते. पराग बनताना गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात. ३९ मधली २६ जोडी लावतात, १३ एकटीच उरतात. त्यामुळे पराग वांझ होतो, बी धरत नाही. हा पाचवा दरवाजा, आणि तोही जवळजवळ बंद.

जवळजवळ का म्हणतो, पूर्ण का नाही? कारण निसर्गाने हाच दरवाजा एकदा स्वतः उघडला होता. आज अमेरिकन कपाशीत असलेली ५२ गुणसूत्रं आली कुठून? त्यातली निम्मी आपल्या गावरानीच्या घराण्याशी जुळतात आणि उरलेली निम्मी अमेरिका खंडातल्या रानटी कापसाशी. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या कापसाचं बी कसंतरी समुद्रापार गेलं, बहुधा लाटांवर तरंगत, आणि तिथल्या रानटी कापसाशी त्याचा संकर झाला. ते संकरित झाड वांझच राहिलं असतं, पण त्याच्या पेशींत गुणसूत्रं अचानक दुप्पट झाली. प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि नवी जात जन्माला आली. म्हणजे परतवाड्याच्या वावरातल्या प्रत्येक अमेरिकन पऱ्हाटीत आपल्याकडच्या कापसाची पणजी आहे! मला ही गोष्ट जेवढ्या वेळा आठवते तेवढ्या वेळा नवी वाटते.

गुणसूत्रं दुप्पट करण्याची ही युक्ती शास्त्रज्ञही वापरतात. त्यासाठी कोल्चिसिन नावाचं द्रव्य लागतं. पावसाळ्यात मेळघाटात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी आहे ना, तिच्या कंदात आणि बियांत ते असतं. कळलावी फार विषारी आहे, तिला लांबूनच बघायचं.

आता थोडं गणित करू. कपाशीच्या दोन ओळींत ९० सेंटिमीटर आणि दोन झाडांत ६० सेंटिमीटर अंतर धरलं तर एका हेक्टरात साधारण साडेअठरा हजार झाडं बसतात. एका झाडाला शंभर फुलं धरू, म्हणजे हेक्टरी साडेअठरा लाख फुलं. समजा, सगळ्या दरवाजांतून पार होण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. वाटतं, इतकी कमी, सोडून द्या! पण साडेअठरा लाख फुलांना ती लावली तर हेक्टरी जवळजवळ दोन होतात. महाराष्ट्रात कपाशी आहे सुमारे ४० लाख हेक्टरांवर. गुणाकार तुम्हीच करा. आता यातला एकच दरवाजा पूर्ण बंद करा, म्हणजे त्याच्या जागी शून्य ठेवा. शून्याला कितीही कोटींनी गुणलं तरी उत्तर शून्यच. म्हणून अंदाज बांधणाऱ्याला ‘फार कमी’ आणि ‘शून्य’ यांतला फरक इतका महत्त्वाचा वाटतो. फार कमी म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारायचाच असतो: किती फुलं, किती वर्षं?

वऱ्हाडातल्या बीटी कपाशीचा अंदाज म्हणून मी बेधडक सांगतो: परागातून ते जनुक गावरानी कपाशीत किंवा देवकापसात जाऊन वाढत राहण्याची शक्यता शून्याला अगदी चिकटून आहे. मेळघाटाच्या जंगलात तर नात्याचा पहिलाच दरवाजा बंद आहे. पण शेजारच्या साध्या अमेरिकन कपाशीत ते सहज जातं, तिथे दोघांची गुणसूत्रं ५२ च. प्रमाणित बियाण्याच्या कपाशीत दुसऱ्या वाणापासून ३० मीटर अंतर राखण्याचा नियम त्यासाठीच आहे.

हाच प्रश्न मेक्सिकोत विचारला तर उत्तर पार उलटं येतं. मेक्सिको हे अमेरिकन कपाशीचं माहेर. तिथे ती आजही रानटी अवस्थेत वाढते, ५२ गुणसूत्रांसकट. शास्त्रज्ञांनी तिथल्या रानटी झाडांचं बी गोळा करून तपासलं. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २७० बियांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश बियांत माणसाने घातलेली जनुकं सापडली. त्यातली काही झाडं जनुकीय कपाशीच्या वावरापासून साडेसातशे किलोमीटर दूर होती. मधमाशी एवढी उडत नाही. सरकीची वाहतूक आठवते ना?

तिथल्या जंगलात पुढे काय झालं हे आणखी चकित करणारं आहे. कपाशीच्या पानाच्या मागच्या बाजूला मधल्या शिरेवर एक बारीक खळगी असते. उद्याच जाऊन बघा. त्यात मध पाझरतो. मुंग्या तो खायला येतात आणि मोबदल्यात पान कुरतडणाऱ्या किड्यांना हुसकावतात. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांना दिसलं की नवी जनुकं शिरलेल्या रानटी झाडांत हा मध पाझरण्याची रीतच बदलली, त्यामुळे झाडावर येणाऱ्या मुंग्यांच्या जातीही बदलल्या. तणनाशक सहन करण्याचं जनुक ज्यांत शिरलं त्या झाडांची पानं जास्त कुरतडलेली होती. एक जनुक, आणि हलल्या मुंग्या! हे आधी कुणाच्या मनातही आलं नसेल.

आता परत आपल्या धुऱ्यावर येऊ, कारण आपल्याकडेही एक पीक असं आहे ज्याचे दरवाजे बऱ्यापैकी उघडे आहेत. ते म्हणजे वांगं.

वांगं हे भारतीय उपखंडाच्या आसपासचंच पीक. भरताचं असो की भाजीचं, त्याचे रानटी भाऊबंद इथेच राहतात. धुऱ्यावर, पडीक जागेत, रस्त्याच्या कडेला काटेरी रानवांगं उभं असतं. त्याला लिंबाएवढी किंवा त्याहून लहान हिरवी-पांढरी पट्टेदार फळं लागतात आणि पिकली की पिवळी होतात. जमिनीला चिकटून पसरते ती भुईरिंगणी, तिची फळंही तशीच पट्टेदार. आणखी एक डोरली. या सगळ्यांची फुलं जांभळट, चांदणीसारखी आणि मधोमध पिवळा सुळका. वांग्याचं फूलही तसंच. भुईरिंगणीशी वांग्याचा संकर फार क्वचित जमतो. पण उभ्या काटेरी रानवांग्याशी तो सहज होतो, आणि त्यातून निघालेलं रोप वांझ नसतं. दोघांची गुणसूत्रं सारखीच, २४. जोड्या नीट लागतात.

वांग्याच्या फुलाचा पराग कसा बाहेर पडतो ते बघायलाच हवं. त्याच्या पिवळ्या पुंकेसरांना फट पडत नाही, फक्त टोकाला बारीक छिद्र असतं. आतला पराग असा येत नाही, त्याला हादरवावं लागतं. मोठा काळा भुंगा फुलाला लटकतो, पंख स्थिर ठेवून छातीचे स्नायू थरथरवतो आणि गूंऽऽ असा आवाज काढतो. त्या थरथरीने छिद्रांतून परागाची पूड त्याच्या पोटावर सांडते. आपल्या सातेरी आणि आग्या मधमाश्यांना ही थरथर जमत नाही. म्हणजे वांग्याच्या जनुकाचा प्रवास मोजायचा तर भुंगे मोजावे लागतात. ते वांग्याच्या वावरातून उठून रानवांग्यावर बसतात का, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती अंतरावर? हे कुठल्याही यंत्राला परतवाड्याबाहेर बसून कळणार नाही.

हा प्रश्न एकदा सगळ्या देशासमोर आला होता. जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं. शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीपासून ते स्वतःला वाचवतं. ऑक्टोबर २००९ मध्ये सरकारी समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. त्यावर खूप चर्चा झाली. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये देशातल्या सात शहरांत लोकांचं म्हणणं ऐकलं, त्यात आपलं नागपूरही होतं. शेतकरी आले, शास्त्रज्ञ आले, ग्राहक आले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. अनेक कारणांत एक हेही होतं, की वांग्याचे रानटी नातेवाईक आणि शेकडो गावरान वाण याच देशात आहेत. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली आणि तिथे ते पिकतं.

तर समजा, जनुकाने पाच दरवाजे ओलांडले आणि ते रानवांग्यात पोचलं. पुढे? हा सहावा दरवाजा फायद्याचा. त्या जनुकाने रानटी झाडाचं भलं होतं का? भलं झालं तर त्याला जास्त बी येईल, जास्त रोपं होतील आणि जनुक पसरत जाईल. काहीच फायदा नसेल तर ते आहे तिथेच रेंगाळेल किंवा हरवेल.

हे मोजणारा एक प्रयोग अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या ॲलिसन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सूर्यफूल मूळचं तिकडचं, रानटी सूर्यफुलं तिथे रस्तोरस्ती उगवतात. त्यांनी बीटीचं जनुक रानटी सूर्यफुलात आणलं आणि ती झाडं साध्या रानटी झाडांशेजारी लावली. २००३ मध्ये निकाल आला. नेब्रास्कातल्या शेतात बीटी जनुक असलेल्या रानटी झाडांना सरासरी ५५ टक्के जास्त बी आलं, कारण अळ्यांनी त्यांचं कमी खाल्लं. कोलोरॅडोतल्या शेतात मात्र तितका फरक पडला नाही. तेच जनुक, तीच झाडं, गाव बदललं आणि उत्तर बदललं. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की अमेरिकेतला आकडा उचलून वऱ्हाडाला लावता येत नाही. आपल्या रानवांग्याला शेंडे पोखरणारी अळी मुळात किती छळते, हे आपल्याच धुऱ्यावर मोजावं लागेल. ती रानवांग्याला फारशी त्रास देत नसेल तर बीटीचं जनुक मिळून त्याला काय मिळालं?

तणनाशक सहन करण्याच्या जनुकाला हाच प्रश्न विचारा. भर जंगलात तणनाशक फवारतच नाहीत, तिथे हे जनुक निरुपयोगी. पण ज्या धुऱ्यावर फवारतात तिथे ते ज्याच्याकडे असेल तोच जगेल. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेली, तणनाशक सहन करणारी कपाशी जाहीरपणे पेरली. निंदणाची मजुरी परवडत नाही आणि नवं तंत्रज्ञान आम्हाला का मिळू नये, हे त्यांचं म्हणणं. ते दुःख खरं आहे. पण असं बियाणं नोंद न होता पेरलं जातं तेव्हा अंदाज बांधणाऱ्याची वाटच बंद होते. पराग निघाला कुठून हेच माहीत नसेल तर तो किती लांब गेला हे कसं सांगणार? सरकार, कंपन्या आणि शेतकरी या तिघांनी हे बियाणं उघड्यावर आणून मोजलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, एवढी काळजी काऊन? रानवांगं तर काट्यांचं झुडूप, त्याला कोण विचारतं? एक खरी गोष्ट सांगतो. १९७० च्या सुमारास आशियातल्या भाताला एका विषाणूने गाठलं. झाडं खुजी राहायची, ओंब्या भरत नव्हत्या. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. त्या विषाणूला न जुमानण्याचा गुण सापडला तो एका रानटी भातात, ओरायझा निवारामध्ये, आणि त्याचं बी गेलं होतं आपल्या उत्तर प्रदेशातून. त्याच्याशी संकर करून १९७६ मध्ये आयआर ३६ हा वाण आला आणि कोट्यवधी लोकांच्या ताटात पोचला. तो रानटी भात कुणी निंदून फेकला असता तर? आपल्या धुऱ्यावरच्या रानवांग्यात आणि भुईरिंगणीत असं काय दडलंय, हे अजून कुणी पुरतं बघितलेलं नाही. ते जसं आहे तसं राहायला हवं, बघून होईपर्यंत तरी.

आणि बघायचं काम तुम्ही करू शकता. परतवाडा, अचलपूर, धामणगाव गढी, चिखलदरा, अकोट, कुठलंही गाव असो. तुमच्या शाळेच्या वाटेवर रानवांगं किंवा रिंगणी कुठे आहे ते शोधा. पहिलं फूल कधी उमललं, शेवटचं कधी, ते वहीत लिहा. जवळच्या वांग्याच्या वावरात त्या दिवशी फुलं होती का? दोघांमधलं अंतर पावलांनी मोजा. फुलावर कोण बसलं, भुंगा की मधमाशी, आणि गूंऽऽ असा आवाज आला का, तेही लिहा. पहिल्या तीन दरवाजांची मोजणी एवढ्यात होते. दोन वर्षांची अशी वही झाली की तुमच्या विज्ञानाच्या सरांना किंवा मॅडमना सांगा, ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला दाखवा. रानवांग्याची किंवा रिंगणीची फळं मात्र तोंडात घालू नका, आणि काट्यांपासून हात जपा.